मेंडोलिन कुठपर्यंत पोचली

एप्रिल उजाडला की आमच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत, टेबलावरच्या मातीच्या पिशव्यांशेजारी लग्नपत्रिकांचा गठ्ठा जमायला लागतो. ऊस तुटून गेलेला असतो, खोडवा ठेवायचा की रान मोडायचं याचा घरोघरी काथ्याकूट चालू असतो, आणि जो नमुना घेऊन येतो तो जाताना एक पत्रिकाही ठेवून जातो. "मॅडम, नक्की यायचं बरं का, तुमच्याशिवाय शोभा न्हाय." मी हो म्हणते आणि जात नाही. बारामतीहून इंदापूरकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मंगल कार्यालयं आणि लॉन लागतात. दारात फुलांच्या कमानी, कमानीवर नवरा-नवरीचे फोटो, बाहेर उसाच्या रिकाम्या रानात लावलेल्या शेकडो गाड्या. या दिवसांत एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसते.

लोकांना वाटतं मला ऊन सोसत नाही. ऊन मला चांगलं सोसतं. सोसत नाहीत ती मंगलाष्टकं. लॉकडाऊन उठल्यावर जी पहिली मोकळी लग्नसराई आली, ती सगळीच्या सगळी मी एका मंगलाष्टक पार्टीत मेंडोलिन वाजवत काढली, आणि त्या हंगामात माझी फसवणूक झाली. रोज, ठरवून, हसतमुखानं झाली. कुणाला सांगायचं म्हटलं तर आधी एक डबा समजावून सांगावा लागतो, म्हणून इतके दिवस सांगायचं टाळलं.

आमच्या भागात मंगलाष्टकांची पार्टी असते हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पूर्वी भटजी आणि दोन हौशी आत्या मिळून काम भागायचं. आता स्टेजच्या एका बाजूला छोटं स्टेज असतं, त्यावर गायक, कीबोर्डवाला, तबलेवाला. मंगलाष्टकाचं एक कडवं झालं की मधे वाद्यांचा तुकडा, मग पुढचं कडवं, मग ‘सावधान’ आणि अक्षतांचा पाऊस. मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि तो फक्त पत्रिकेतच बारा पस्तीसला असतो. त्याआधी सत्कार. आजी पुढारी झाले की माजी, माजी झाले की भावी, प्रत्येकाला फेटा, शाल आणि माइक. नवरा-नवरी घामानं निथळत उभी आणि तिसऱ्या ओळीतले आबा झोपलेले. मी हे सगळं स्टेजवरून बघितलंय, मांडीवर मेंडोलिन घेऊन, शंभर वेळा लावलेल्या तारा परत लावत.

मेंडोलिन वडिलांची. ते साखर कारखान्यात फिटर होते आणि हंगाम बंद झाला की क्वार्टरच्या ओट्यावर बसून वाजवायचे. लेकीनं शिकावं अशी त्यांची काही फार इच्छा नव्हती. मीच त्यांच्या हातातून ओढून घ्यायची. आठ तारा, जोडी-जोडीनं लावलेल्या. जोडीतल्या दोन्ही तारा तंतोतंत एका सुरात हव्यात, एक जरा उतरली की आवाजाला आंबट वास येतो, असं ते म्हणायचे. ते गेल्यावर वाद्य कपाटावर पडून होतं. लॉकडाऊनमध्ये काढलं. माझे मिस्टर शाळेत शिक्षक, ते मोबाइलवर मुलांना भूमिती शिकवायचे आणि आतल्या खोलीत मी भूप वाजवायची. त्यांनीच त्यातला एक तुकडा कुठल्याशा ग्रुपवर टाकला आणि तो फिरत फिरत कळंबच्या विलासरावांपर्यंत गेला.

विलासराव म्हणजे पार्टीचे मालक आणि गायक. गळा गोड, केस रंगवलेले, बोलणं तर गळ्याहून गोड. ते स्वतः घरी आले. "वैनी, आमच्याकडं समदं हाय, पन मेंडोलिन न्हाय. आन् स्टेजवर एक बाई असली की कार्यक्रमाला एक वेगळीच शोभा येती." हे दुसरं वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकायला हवं होतं. मी पहिलंच ऐकलं. चाळिशी उलटलेल्या बाईला घरी येऊन कुणी सांगावं की आमच्याकडं सगळं आहे, फक्त तुम्ही तेवढ्या नाही, तर तिला दुसरं वाक्य ऐकू येत नाही.

सुट्टीचे दिवस आणि साठवलेल्या रजा लग्नांना, असं ठरलं. पहिल्या लग्नात मेंडोलिनपुढं साधा माइक ठेवला आणि सगळी पंचाईत झाली. माइक बिचारा मेंडोलिनपेक्षा बाकीचंच सगळं ऐकत होता. तबला, करवल्यांच्या बांगड्या, भटजींचा खोकला. मेंडोलिनसाठी तो वाढवला की कानठळ्या बसवणारी शिट्टी. नवरदेवानं दचकून अंतरपाटाच्या वरून बघितलं आणि लोक हसले. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी साउंडवाल्या तात्यांचा फोन आला. "पोरी, रडली आसशील तर फुस डोळं. तुजी काय चूक न्हाय. मी बघतो."

तात्या निमगाव केतकीचे. बाजारतळाजवळ त्यांचं रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान. साठीच्या पुढचे, कानावर नेहमी पेन्सिल, शर्टाच्या खिशाला सोल्डरिंगचे डाग. पुढच्या लग्नाला ते एक लोखंडी डबा घेऊन आले. जेवणाच्या डब्यातल्या भाजीच्या कप्प्याएवढा, निळा रंग दिलेला. त्यांनी तो स्वतः बनवला होता. तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या घोडीखाली त्यांनी तारांची थरथर टिपणारी रुपयाएवढी चकती चिकटवली, तिची वायर डब्यात घातली, आणि मला माझ्या शेजारी पायरीवर बसवून समजावलं. मला कुणी नीट समजावून सांगितलं की मी त्या माणसावर विश्वास ठेवते. प्रयोगशाळेतली खोड आहे ती.

"हे बघ, तुज्या मेंडोलिनमदनं जो आवाज निघतो त्यो लई अशक्त असतो. पायाजवळच्या अँपपर्यंत जायाचं तर चार पावलं, काय अडचन न्हाय. पन माजा मिक्सर कुठं? तिकडं, खुर्च्या संपत्यात तितं. साध्या वायरीनं पाठवला तर निम्मा वाटंतच जिरतो. आन् जनरेटरची घरघर, लायटिंगची घरघर, समदं गोळा करत येतो."

"मग माइकचा आवाज कसा येतो तिथपर्यंत?"

"माइकची वायर येगळी असती. तिच्यात दोन पदरांनी आवाज जातो, एक सुलटा, एक उलटा. वाटंत जी घरघर घुसती ती दोनीत सारखीच घुसती, आन् टोकाला गेल्यावर मिक्सर तिला वजा करून टाकतो. ह्यो डबा तुज्या मेंडोलिनला त्या वायरीत बसवून देतो. घरात वाजवायचं तर ह्येची काय गरज न्हाय. पन मोठ्या लॉनात, लांब पाठवायचं, तवा गिटार आसू दे, कीबोर्ड आसू दे, डबा लागतो. तरीबी घुंईं आली तर ह्ये बटन दाबायचं, जमिनीकडनं येणारी घरघर तुटती."

डीआय बॉक्स म्हणतात त्याला, हे मला नंतर कळलं. तात्या डबाच म्हणायचे. त्याला एक बाहेरचं तोंड लांबच्या वायरीसाठी होतं, आणि एक दुसरं, जिथून तोच आवाज माझ्या पायाशी ठेवलेल्या छोट्या अँपला जायचा. "म्हंजे तुलाबी तुजं ऐकू येतंय आन् लोकास्नीबी," तात्या म्हणाले. बाजूला त्यांनी लाल नेलपॉलिशनं माझं नाव लिहिलं होतं. सुमन. नेलपॉलिश त्यांच्या सुनेची असणार.

त्या हंगामाइतकी सुखी मी कधी नव्हते, हे आधी सांगून टाकते. फसवणुकीची गोष्ट सांगताना माणसं सुख लपवतात. सकाळी नऊला आम्ही लॉनवर पोचायचो. हिरवळीवर पाणी मारलेलं असायचं, खुर्च्यांवर पांढरी कापडं चढवणं चालू असायचं. स्वयंपाकाच्या मांडवातून आमटीच्या फोडणीचा वास आणि कांदा चिरणाऱ्या बायकांचं हसणं. तात्या लांब टोकाला मिक्सरमागं बसून हात वर करायचे. "सुमन, वाजीव." मी वाजवायची आणि त्या भल्यामोठ्या काळ्या बॉक्समधून वडिलांची मेंडोलिन अख्ख्या रिकाम्या लॉनवर पसरायची. खुर्च्यांना कापडं घालणारी माणसं हात थांबवून बघायची. तात्या डोळे मिटून ऐकायचे, जरा जास्तच वेळ ऐकायचे. मग हात खाली. "झ्याक. बास."

मग माणसं यायची. अत्तर, मोगरा, नव्या कोऱ्या फेट्यांचा खळीचा वास. उन्हानं तापलेल्या पत्र्याखाली मी नऊवारी नेसून, नथ घालून बसायची. तो विलासरावांचा आग्रह. पायाशी अँप. माझा आवाज मला स्पष्ट ऐकू यायचा आणि त्यामागून, लॉनच्या दुसऱ्या टोकाकडून, तीच मेंडोलिन फिरून परत आल्यासारखी ऐकू यायची. माझंच आहे ते, माणसांच्या डोक्यांवरून जाऊन आलेलं आहे, असं मला वाटायचं. त्या परत येणाऱ्या आवाजावर माझा फार जीव होता. बायका जेवणं झाल्यावर येऊन हात धरायच्या. "काय वाजीवता हो, काळजात गेलं." मी घरी जाऊन मिस्टरांना प्रत्येकीचं वाक्य सांगायची, आणि ते वह्या तपासता तपासता, लाल पेन तोंडात धरून, सगळं ऐकायचे.

कीबोर्डवर किशोर होता, वरकुट्याचा. अबोल, हुशार, कायम कानाला हेडफोन. तालमीला तो म्हणायचा, "ताई, तेवढा तुकडा परत एकदा वाजवा, मला कॉर्ड बसवायच्यात." मी वाजवायची. तो मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायचा. मला कौतुक वाटायचं, किती मन लावून करतो म्हणून. दुपारी जेवणं आम्ही एकत्र करायचो. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याला फार आवडायची, तर मी त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधून न्यायची. आज ती पुडी आठवली की अंगाचा तिळपापड होतो. सगळ्यात जास्त राग मला त्या चटणीचा येतो, कशाचा कशाला मेळ नाही, पण येतो.

मेच्या शेवटी, आम्ही जिच्या लग्नात वाजवलं होतं अशा एका मुलीचे वडील मातीचा नमुना द्यायला आले तेव्हा सोबत पेन ड्राइव्ह घेऊन आले. लग्नाचा पूर्ण व्हिडिओ. "मॅडम, तुमी लई छान दिसताय ह्यात, बघा घरी." रविवारी दुपारी आम्ही दोघांनी तो टीव्हीला लावला. व्हिडिओवाला आवाज सरळ तात्यांच्या मिक्सरमधून वायरीनं घेतो. म्हणजे लॉनवरच्या माणसांना जे ऐकू गेलं तेच त्यात असतं. मंगलाष्टकं सुरू झाली. कॅमेरा फिरत फिरत माझ्यावर आला. नथ, नऊवारी, बोटं. मेंडोलिन इतकी सुरेल, इतकी एकसारखी वाजत होती की मी मिस्टरांच्या मांडीवर चापट मारली. "बघा!"

त्या लग्नात माझी एक तार तुटली होती, हे मी विसरले होते. तेव्हा त्या गडबडीत लांबून काय ऐकू येतंय इकडे लक्षच नव्हतं. पडद्यावर ती तुटली. टोक हातावर फटकन बसलं, मी हात मागे घेतला, मनगटाला लागलं का ते बघितलं, तुटलेली तार बाजूला सारायला लागले. दोन्ही हात मेंडोलिनच्या तारांवरून उठलेले. आणि मेंडोलिन वाजत होती. जराही न अडखळता, माझाच तुकडा, माझ्याच हरकती घेत, शेवटपर्यंत.

मिस्टर निरागसपणे म्हणाले, "अगं, तू थांबलीस की. मग वाजतंय कोण?"

मी रिमोट घेतला आणि तेवढा भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. सहाव्या की सातव्या वेळी त्यांनी माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.  लाज वाटत होती, आणि लाज मला का वाटावी हे कळत नव्हतं. कीबोर्डमध्ये मेंडोलिनचा आवाज असतो, एक बटण दाबलं की येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं.

पण एका नमुन्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. शेतकरी बांधाजवळची मूठभर माती घेऊन येतो आणि अख्ख्या रानाचा अहवाल मागतो, तेव्हा मी त्याला परत पाठवते. म्हटलं, तार तुटली तेव्हा त्या एका वेळेस तात्यांनी सांभाळून घेतलं असेल, किशोरनं प्रसंग ओळखून हात दिला असेल. माणसाला चांगलं वाटून घ्यायला किती कारणं सापडतात! हंगामातलं शेवटचं एक लग्न उरलं होतं, कळंबजवळच्या लॉनवर. मी गेले. नऊवारी नेसले, नथ घातली. सकाळी तात्यांनी हात वर केला, मोठ्या बॉक्समधून माझी मेंडोलिन नेहमीसारखी वाजली, तात्यांनी डोळे मिटले. मला जरा धीर आला.

सत्कार दीडपर्यंत चालले. मंगलाष्टकं सुरू झाली. पहिलं कडवं संपलं, विलासरावांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. पदर सावरावा तसे, अगदी शांतपणे.

मेंडोलिन सुरू झाली. पुढ्यातला अँप गप्प होता आणि लांबून, त्या काळ्या बॉक्समधून, माझा तुकडा येत होता. ज्या फिरून परत येणाऱ्या आवाजावर माझा जीव होता तो. मी मान वळवून किशोरकडे बघितलं. त्यानं माझे हात बघितले आणि नजर पट्ट्यांवर नेली. बोटं मात्र थांबवली नाहीत. विलासराव डोळे मिटून हसत होते. समोर हजारेक माणसं होती. हातात अक्षता घेतलेली, स्टेजकडे तोंड केलेली. मी पहिल्या रांगेतल्या बायकांकडे एकेक करून बघितलं. एकीनं माझ्याकडे बघून गोड हसून मान हलवली. तिला माझं वाजवणं आवडलं होतं. मी तशीच बसले. दुसरं कडवं, तिसरं, पाचवं. एकाही माणसाला माझे हात दिसले नाहीत. फक्त लॉनच्या टोकाला तात्या उठून उभे राहिले होते.

जेवायला न थांबता मी निघाले. मागून विलासराव आले, नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "वैनी, दमला का आज? काय हरकत न्हाय, कार्यक्रम झ्याक झाला." खरंच झ्याक झाला होता.

चार दिवसांनी निमगाव केतकीचा बाजार होता. डबा पिशवीत घालून मी एसटीनं गेले. बाजार ऐन भरात, वांग्यांचे ढीग, कोथिंबिरीचा वास, लाउडस्पीकरवर उंदराच्या औषधाची जाहिरात. तात्यांच्या दुकानात एक गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत मी उभी राहिले. मग डबा काउंटरवर ठेवला. तात्यांनी सोल्डरिंगचं हत्यार खाली ठेवलं. नाकारलं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी नाकारलं नाही.

"पयल्याच लग्नानंतर सांगितलं विलासरावांनी," ते म्हणाले. "शिट्टी आली त्या. म्हणलं, सत्कारात दोन-दोन तास जात्यात, उन्हात तारा उतरत्यात, मुहूर्ताला बेसूर वाजलं तर पार्टीचं नाव जातंय. किशोर वाजवंल, मेंडोलिनचा आवाज हाय त्येच्यात. बाई नुसती बसू द्या स्टेजवर."

"तारा उतरायच्या?"

"उतरायच्या पोरी. खोटं न्हाय बोलत. रोज न्हाय, पन उतरायच्या."

"मग मला सांगायचं. मी आणखी जपून लावल्या असत्या. मी सोडून दिलं असतं. तुम्ही डबा कशाला बनवून दिलात मला?"

तात्यांनी डब्यावरच्या नावावरून अंगठा फिरवला. बाहेर कुणीतरी कलिंगड ठोकून बघत होतं.

"तुला ऐकू यावं म्हनून," ते म्हणाले. "नुसती बसीवली आसती तर तुला कळलं आसतं. डब्यामुळं तुला तुजं ऐकू येत हुतं. माज्याकडचं बटन मी खाली ठिवायचो."

म्हणजे माझी मेंडोलिन लांब पोचावी म्हणून आणलेला डबा मला चार पावलांच्या आत बंद ठेवायला वापरला होता. मी विचारलं, "आणि सकाळी? सकाळी का सोडायचा मोठ्या बॉक्सवर? मला पटावं म्हणून?"

"त्येबी हायच." त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, परत खोचली. "पन खरं सांगू का? मला ऐकायचं असायचं. तुजा हात लई गोड हाय. सकाळी कोन नसायचं, तारा नुकत्याच लावल्याल्या. तेवढं माजं मी ऐकून घ्यायचो."

अख्ख्या हंगामात माझं वाजवणं ऐकणारा एकच माणूस होता आणि ते बंद करणाराही तोच. हे ऐकून माझं मन विरघळावं असं त्यांना वाटत असावं. मला उलट असा संताप आला की दुकानातली एखादी वस्तू उचलून आपटावी. कोंडून ठेवायचं आणि वर आपल्यापुरतं फटीतून ऐकायचं! मी म्हणाले, "तात्या, त्यापेक्षा मी बेसूर वाजले असते आणि लोक हसले असते तर चाललं असतं मला." ते म्हणाले, "तुला चाललं आसतं. मला बघवलं नसतं." डबा तिथंच ठेवून मी बाहेर पडले. 

घरी आले आणि मग खरी पडझड सुरू झाली. फसवणूक उलट्या दिशेनं चालत जाते, हे मला तेव्हा कळलं. "काळजात गेलं" म्हणणाऱ्या बायका आठवल्या. त्यांच्या काळजात किशोर गेला होता. कापडं घालताना हात थांबवणारी माणसं, ती तेवढी खरी. मग त्याच्याही मागे. वडील म्हणायचे, बरं वाजवतेस. ते खरं होतं का, की बापाचं बोलणं? मिस्टर वह्या तपासता तपासता ऐकायचे, ते ऐकत होते का? नोकरीत साहेब म्हणतात, तुमचा अहवाल म्हणजे दगडावरची रेघ. कुणास ठाऊक. एकदा मोजमाप चुकीचं आहे हे कळलं की त्या काट्यावर मोजलेलं सगळंच परत मोजावं लागतं, आणि परत मोजायला ते जुने दिवस येत नाहीत.

विलासरावांचा मला फारसा राग येत नाही. त्यांना स्टेजवर बाई हवी होती आणि हे त्यांनी माझ्या घरात बसून, चहा पिता पिता, स्वच्छ सांगितलं होतं. राग तात्यांचा येतो, कारण त्यांनी दया केली. शिट्टी झाली तेव्हा लोक हसले, ते वाईट होतं, पण ते माझ्या वाजवण्याला हसले. ते माझं होतं. पुढचे दोन महिने माझं काहीच नव्हतं. मी खूप दिवस मेंडोलिनला हात लावला नाही. आता लावते, आतल्या खोलीत, दार उघडं ठेवून. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, दुपारी जरा हळू वाजवत जा. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

तर यंदाचा एप्रिल. गेल्या मंगळवारी वरकुट्याकडची एक तरुण बाई नमुना घेऊन आली. कडेवर मूल, हातात मातीची पिशवी. मी चिठ्ठी लिहीत होते. ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"मॅडम, तुमी मेंडोलिन वाजवायचा न्हवं? माज्या लग्नात हुता तुमी."

मी म्हटलं, असेन.

"असेन काय, हुताच की! तुमाला सांगू का, सासरी आले तवा पयलं वरीस मला लई जड गेलं. समदी रानात गेली की घरात मी एकटी. मग मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ लावायचे. आई-आप्पा दिसायचे. आन् मधे तुमची मेंडोलिन आली की रडू यायचं आन् मग बरं वाटायचं. रोज लावायचे मी. ह्यांनी एकदा रागानं डिलीट केला तर दोन दिवस जेवले न्हाय." ती हसली. मुलाच्या तोंडातून पिशवीचं टोक काढलं. "ती तुमीच वाजीवलेली न्हवं?"

रोज मी लोकांना कडू आकडे सांगते. माती खारवली आहे, आणखी ऊस घेऊ नका, पाणी कमी करा. माणसाचा चेहरा पडतो तरी आकडा बदलत नाही. त्या बाईचा चेहरा माझ्यापुढं होता, ती वाट बघत होती, आणि खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम होतं. तिचं ते अख्खं वर्ष, मोबाइल घेऊन एकटीनं काढलेलं, किशोरच्या एका बटणावर तरलेलं.

"हो," मी म्हणाले. "मीच."

"तरी म्हणलं!" ती म्हणाली. तिनं मुलाचा हात धरून मला टाटा करायला लावला आणि ती उन्हात गेली. तात्यांना ते दयेचं खोटं किती सोपं गेलं असेल, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी त्यांना माफ केलेलं नाही. तिच्या मातीची पिशवी पुढं ओढली आणि बराच वेळ मला ती उघडताच येईना.